विरजणाचा बाईट

"बाबांचा आवाज आयुष्यात कोणी दाबला नाही. आता तू दाबणार?"

मामाचा हा प्रश्न फोनवर आला आणि माझे पुढचे चार रविवार कामाला लागले. मी बोललो होतो ते तसं निरुपद्रवी होतं. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या कीर्तनाची एक कॅसेट सापडली होती. ती मी ठाण्याला आणली, एका मित्राचा जुना डेक मागून आणला, पेन्सिलीने रीळ घट्ट करून घेतलं आणि दोन्ही बाजू संगणकात उतरवल्या. मग उत्साहात मामाला फोन केला, "एमपीथ्री करून पाठवतो, म्हणजे फाईल लहान होईल."

"लहान कशी काय होईल? कीर्तन तर तेवढंच आहे."

"त्यात आवाज जरा दाबतात."

इथे मी फसलो. कॉम्प्रेस या शब्दाला मराठीत दुसरा काही शब्द सुचला असता तर बरं झालं असतं. आजोबा हरिदास होते. माईक नको म्हणायचे आणि माईक नसल्याचं कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

"मामा, ऐकू येणारं काही त्यातून जात नाही."

"मग जातं काय?"

"जे कानाला कळत नाही ते."

"कोणाच्या कानाला?"

मामा देवरुखच्या पुढे राहतो. वय ७६. आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलं, त्यामुळे उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवल्याशिवाय तो गुण देत नाही. न दाबलेली, म्हणजे वेव्ह प्रकारची फाईल पाठवायचं ठरलं आणि लगेच त्याने हिशोब मागितला. मी दिला. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजलेली आहे, प्रत्येक मापाला दोन बाईट लागतात, म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाईट. कॅसेट सी-६०, दोन्ही बाजू भरलेल्या, म्हणजे ३,६०० सेकंद. एकूण ३१,७५,२०,००० बाईट, अधिक सुरुवातीचा मथळा ४४ बाईटांचा.

"म्हणजे ३१,७५,२०,०४४," मामा म्हणाला. "पाठव."

मामाला फोनवर ऐकता यावं म्हणून मी एक वेबपान करायला घेतलं. आता जाणकार वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? वेबपानावर ब्राउझरचं तयार वाजवायचं बटण टाकावं, तो आपोआप येईल तसं वाजवतो. वाजवतो, कबूल. पण मामा दिवाळीत आमच्याकडे आला होता तेव्हा त्याने माझ्या संगणकावर आवाजाचं चित्र पाहिलं होतं. ती हिरवी नक्षी, मध्येच उंच, मध्येच सपाट. "हा डोंगर कसला?" त्याने विचारलं. मी वाजवून दाखवलं. हशा होता. "आणि ही दरी?" आजोबा पाणी प्यायले होते. तेव्हापासून मामाला चित्र हवं होतं. कुठे पूर्वरंग संपला, कुठे आख्यान लागलं, कुठे लोक हसले, हे डोळ्यांनी दिसायला हवं होतं. आणि चित्र काढायचं तर फाईलमधले बाईट माझ्या पानाच्या हातात यायला हवेत. ब्राउझरने ते परस्पर स्पीकरला देऊन चालणार नाही.

पहिल्या रविवारी मी सरळ मार्ग घेतला. फाईल मागवायची, ती पूर्ण आली की अ‍ॅरेबफर नावाच्या एका अखंड तुकड्यात ती मिळते, मग चित्र काढायचं आणि वाजवायचं. घरच्या फायबर कनेक्शनवर ते झटक्यात झालं. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली छान. मामाला लिंक पाठवली.

मामाच्या घरी मोबाईलला रेंज येते ती पडवीच्या पूर्वेकडच्या खांबाशी. खांब सोडला की गेली. तिथे सेकंदाला एक मेगाबिटचा वेग धरला तरी आपली फाईल उतरायला ४२ मिनिटं लागतात. यातली गंमत अशी की, कीर्तन ऐकायला सेकंदाला सातच लाख बिट लागतात. म्हणजे त्या खांबाशीसुद्धा नेटवर्क आजोबांपेक्षा पुढेच धावत होतं. ऐकणं पहिल्याच सेकंदाला सुरू होऊ शकत होतं आणि कुठेही अडखळायचं कारण नव्हतं. पण माझं पान ४२ मिनिटं पांढरं राहणार होतं, कारण पूर्ण आल्याशिवाय बोट लावायचं नाही, असा त्या अ‍ॅरेबफरचा नियम. तोवर विचारलंत तर 'नल' असं उत्तर येतं. नल म्हणजे काही नाही. शून्यही नाही.

मामा खांबाला टेकून ३८ मिनिटं उभा राहिला. मग मामीने चहाला हाक मारली आणि तो दोन पावलं आत गेला.

"गेलं," त्याने फोन करून सांगितलं.

"पुन्हा सुरू कर, मामा."

"ते करीन. पण मला सांग, ३८ मिनिटं म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस कोटी बाईट. ते आले होते ना?"

"आले होते."

"कुठे आले होते?"

"तुझ्या फोनमध्येच."

"मग दिले का नाहीत?"

"पूर्ण आले नाहीत म्हणून."

फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मामा म्हणाला, "हे म्हणजे नवरदेवाचा शेवटचा काका आल्याशिवाय पानं मांडायची नाहीत, आणि काका आलाच नाही म्हणून केलेला स्वयंपाक विहिरीत." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नेमकं तसंच झालं होतं. माल दारात येऊन पडतो, ब्राउझर तो उतरवून घेतो, मोजतो, सगळं करतो, फक्त आपल्याला देत नाही. आणि शेवटी काही बिनसलं की आलेला मालही फेकून देतो.

ही खोड जुनी आहे. पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलायची सोय ब्राउझरमध्ये आली १९९९ साली, मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून. मुळात ती आउटलुकची टपालपेटी ब्राउझरात उघडता यावी म्हणून केलेली होती. तिचं नाव एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट. त्यात एक्सएमएल का, तर ती ज्या लायब्ररीत बसून बाहेर पडली ती एक्सएमएलची होती. एसटीच्या पाटीवर साखरपा लिहिलंय म्हणून आतले सगळे साखरप्याचे नसतात, तसं. या रिक्वेस्टच्या अवस्था पाच, शून्य ते चार. तीन म्हणजे 'येतंय' आणि चार म्हणजे 'आलं'. मजकूर असेल तर तीनवर असतानाही आलेला भाग वाचता यायचा. पण आवाज, चित्र असा बायनरी माल असेल तर तो मजकूर समजून वाचताना ब्राउझर त्याचा पार भुगा करायचा, कारण त्यात त्याच्या ओळखीची अक्षरं नसतात.

यावर २००६ साली मार्कस ग्रॅनाडो या गृहस्थाने एक तोड काढली, ती मला आजही मनापासून आवडते. ब्राउझरला चक्क खोटं सांगायचं. म्हणायचं, बाबा रे, हा मजकूरच आहे, फक्त याची लिपी आमची घरगुती आहे. एक्स-यूजर-डिफाइन्ड असं त्या लिपीचं अधिकृत नाव. मग ब्राउझर भोळेपणाने एकेका बाईटचं एकेक अक्षर करतो. १२७ पर्यंतचे बाईट जसेच्या तसे ठेवतो आणि त्यावरच्यांना युनिकोडच्या एका ओसाड कोपऱ्यात, जिथे कोणाचीच अक्षरं राहत नाहीत, तिथे नेऊन बसवतो. आपण मागाहून त्या अक्षराचं वरचं साल सोलायचं की आत मूळ बाईट शाबूत. नऊवारी नेसवून नाक्यावरून नेलेला माणूस पलीकडे पुन्हा धोतरात. चालत होतं. फक्त ब्राउझर प्रत्येक अक्षराला दोन बाईटांची जागा देणार, म्हणजे आमचं कीर्तन फोनच्या स्मृतीत ६३ कोटींवर गेलं असतं, आणि आलेला भाग टाकून देऊन पुढचा तेवढा घ्यायची सोयही नव्हती. पहिल्यापासूनचं सगळं कवटाळून बसायचं.

सरळ रस्ता झाला तो फेच नावाच्या पुढच्या सोयीमुळे. फेचने मागवलेल्या मालाला एक वाचक जोडता येतो. त्या वाचकाला 'रीड' म्हटलं की जो काही तुकडा आला असेल तो हातात मिळतो, पुन्हा म्हटलं की पुढचा. क्रोममध्ये हे २०१५ साली आलं. फायरफॉक्समध्ये सर्वांसाठी खुलं व्हायला जानेवारी २०१९ उजाडला, ६५वी आवृत्ती. म्हणजे ब्राउझरमधल्या कोडला, दारात आलेला बायनरी माल येईल तसा सरळ मार्गाने घ्यायला १९९९ पासून मोजली तर सोळा ते वीस वर्षं लागली. आमच्या चाळीतल्या लोकांना नळाला पाणी येत असतानाच बादल्या भरायच्या असतात हे समजावं लागलं नव्हतं. पालिकेने टाकी पूर्ण भरल्यावरच तोटी उघडा म्हटलं असतं तर मोर्चा गेला असता.

दुसऱ्या रविवारी मी ही नळयोजना बसवली. पहिल्या तुकड्याचे पहिले चार बाईट पडद्यावर छापून पाहिले: ८२, ७३, ७०, ७०. इंग्रजी अक्षरांत वाचले तर आर, आय, एफ, एफ. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९१ साली ठरवलेली वेव्हची सलामी. नांदी कानावर पडल्यासारखं वाटलं. चव्वेचाळीस बाईटांचा मथळा सोडला, पुढचे बाईट दोन-दोन घेऊन चित्राची रेघ काढत गेलो, आणि आजोबा बोलू लागले. फाईल अजून येत होती आणि आजोबा बोलत होते. मी बायकोला पुन्हा बोलावलं. ती म्हणाली, "हे मागच्या रविवारी दाखवलंस ना?"

मामाला लिंक पाठवली. पाच मिनिटांनी फोन.

"हे बाबांचं कीर्तन आहे की दिगूची गिरणी?"

"म्हणजे?"

"आधी बाबा होते. मग एकदम गिरणी लागली. खर्रर्र. आता पुन्हा बाबा आलेत. थांब... गेले. गिरणी."

हा प्रकार मी माझ्या संगणकावर कितीही वेळा वाजवला तरी होईना. माझ्याकडे आजोबा अखंड. मामाकडे आळीपाळीने. आता यात काय झालं होतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे.

नळाला पाणी येतं पण किती येईल ते सांगता येत नाही. तुकड्यांचंही तसंच. मी मामाच्या फोनवर आलेल्या तुकड्यांची मापं मागवून घेतली. कधी ६५,५३६, कधी १६,३८४, कधी नुसतेच १,३७१. रीतभात काही नाही. आणि आपलं प्रत्येक माप दोन बाईटांचं. १,३७१ ला दोनाने भाग जात नाही. म्हणजे तुकड्याच्या शेवटी एक बाईट एकटा राहिला, त्याचा जोडीदार पुढच्या तुकड्यात. ब्राउझरने याबद्दल माझ्याकडे रीतसर तक्रार केली होती, चाचणी घेताना: बाईटांची संख्या दोनाच्या पटीत नाही, मी जोड्या लावणार नाही. मी म्हटलं, कशाला एवढं मनावर घेतोस, एकतीस कोटींतला एक बाईट, दे टाकून. आणि टाकून दिला.

तो एक टाकला की पुढच्या तुकड्यात सगळ्या जोड्या एकाने सरकतात. याची बायको त्याच्याबरोबर, त्याची पुढच्याबरोबर, शेवटपर्यंत. जोडीतला एक बाईट वजनदार असतो, आवाज मोठा की लहान हे तो ठरवतो. दुसरा बारीकसारीक फरक सांभाळतो, त्याची किंमत सारखी वरखाली होत असते. जोड्या सरकल्या की हा चंचल गडी वजनदाराच्या गादीवर बसतो आणि गिरणी सुरू होते. पुढे केव्हातरी पुन्हा विषम तुकडा येतो, मी पुन्हा शेवटचा बाईट टाकतो, जोड्या आणखी एकाने सरकतात आणि बरोबर जागेवर येतात. आजोबा प्रकट. माझ्या घरी एरवी तुकडे मोठे आणि सम येत होते म्हणून मला कधी कळलं नाही.

या जोडीत लहान बाईट आधी येतो आणि वजनदार मागून, हे मामाला सांगितलं तेव्हा मला वाटलं तो रागावेल. पण तो खूश झाला. "म्हणजे मराठी रीत!" म्हणाला. खरंच की. आपण सत्तावीस म्हणताना आधी सात म्हणतो मग वीस. एकक पुढे, दशक मागे. संगणकवाले याला लिटल एंडियन म्हणतात. हा शब्द गलिव्हरच्या गोष्टीतून आला. तिथे उकडलेलं अंडं कुठल्या टोकाने फोडावं यावरून लोक एकमेकांच्या जिवावर उठतात. संगणकातही कुठला बाईट आधी यावरून तसंच भांडण जुंपलं होतं. डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने १ एप्रिल १९८० रोजी त्यावर टिपण लिहून शांततेचं आवाहन केलं आणि हे नाव चिकटलं. शांतता झाली नाही. इंटरनेटवरच्या पाकिटांचे पत्ते अजून वजनदार आधी या रीतीने लिहितात आणि पाकिटातली वेव्ह फाईल लहान आधी या रीतीने.

आकड्यांच्या क्रमाबद्दल मामाचं मत मात्र आधीपासूनच ठाम होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन' असंही म्हणायची पद्धत आली. मुलांचे आकडे उलटसुलट होऊ नयेत हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मामा तेव्हा निवृत्त होता, तरी त्याने दोन्ही बाजूंनी भांडून घेतलं होतं. सकाळी शाळेत जाऊन म्हणाला, पद्धत शास्त्रशुद्ध आहे. संध्याकाळी पारावर म्हणाला, सत्तावीसला हात लावू देणार नाही. आणि शंभराच्या वर आपलं काय होतं ते त्यानेच मला दाखवलं: एकशे सत्तावीस. आधी शतक, मग एकक, मग दशक. असा बाईटांचा क्रम एखाद्या कंपनीने काढला असता तर तिच्या अभियंत्याला आपण वेड्यात काढलं असतं.

तर गिरणी. ती बंद कशी करावी याचा विचार मी फोनवर मोठ्याने करत होतो. मामाने फोन स्पीकरवर ठेवला होता. आतून मामीचा आवाज आला.

"विरजणाला ठेवत नाही का तो?"

"काय म्हणालीस?"

"अरे, आजचं दही संपवताना चमचाभर ठेवतो ना उद्याच्या दुधाला? तसा तो उरलेला ठेवायचा. टाकतात काय?"

मी संगणकाच्या धंद्यात २६ वर्षं आहे. मामी सातवी पास. उरलेला बाईट वाटीत ठेवायचा आणि पुढचा तुकडा आला की आधी तो घालायचा, वर दूध. चार ओळींचं काम निघालं. माझ्या कोडमध्ये त्या चलाचं नाव 'विरजण' असंच आहे, देवनागरीत. जावास्क्रिप्टला ते चालतं. कचेरीतल्या एका मुलाने पाहून विचारलं, सर हे काय? मी म्हटलं, मामीला विचार.

मामीच्या विरजणाचा लगेच दुसरीकडेही उपयोग झाला. कीर्तनाबरोबर मी एक मजकुराची फाईल ठेवली होती, कितव्या मिनिटाला काय आहे त्याची यादी. तीही तुकड्यातुकड्याने उतरत होती, आणि मामाला 'कीर्तन' या शब्दात मध्येच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसत होतं. इंग्रजीच्या एका अक्षराला एक बाईट पुरतो. देवनागरीत युनिकोडचं प्रत्येक चिन्ह तीन बाईटांचं. 'कीर्तन' म्हणजे क, वेलांटी, र, हलन्त, त, न, सहा चिन्हं, अठरा बाईट. ही यूटीएफ-८ पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. जेवणाच्या मेजावर इंग्रजीला एक आणि आपल्याला तीन वाढले. तिप्पट मिळालं म्हणून खूश व्हायचं की तिप्पट ओझं म्हणून रडायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. पण तुकडा नेमका र च्या पोटात तुटला की आधीच्या तुकड्यात अर्धा र आणि पुढच्यात अर्धा, आणि दोन्ही ठिकाणी ब्राउझर प्रश्नचिन्ह काढून मोकळा. इथे मात्र ब्राउझरात विरजणाची सोय तयार आहे. टेक्स्टडीकोडरला सांगून ठेवायचं की अजून माल यायचाय, मग तो अपुरं अक्षर स्वतःकडे ठेवतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे न सांगताही वर्षानुवर्षं भागतं. मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी दणका बसतो.

तिसऱ्या रविवारी टक्क्यांचा घोळ. मामाने विचारलं होतं की किती आलं आणि किती राहिलं ते कळायला हवं. सोपं होतं. सर्व्हर सुरुवातीलाच एकूण आकार सांगतो, आपण आलेले बाईट मोजायचे, भागायचे. रात्री फोन आला.

"एकशे तीन टक्के झालं."

"असं होणार नाही, मामा."

"एकशे चार. मी बंद करतो बाबा. जास्तीचे कोणाचे येताहेत कोण जाणे, उद्या बिल लावतील."

चूक सर्व्हरच्या प्रामाणिकपणात होती. मी तो बसवताना जिझिप नावाचं एक बटण चालू ठेवलं होतं. सर्व्हर वाटेपुरती फाईल आवळून पाठवत होता आणि सांगताना आवळलेला आकार सांगत होता, साधारण २८ कोटी. ब्राउझर ती दारात सोडून, फुलवून मला देत होता. मी मोजत होतो फुललेले आणि भागत होतो आवळलेल्याने. शेवटपर्यंत गेलं असतं तर ११३ टक्के भरलं असतं. मामाला मी हे खरं खरं सांगितलं आणि तो क्षण टाळता आला असता तर बरं.

"म्हणजे शेवटी दाबलंसच."

"पण हे परत जसंच्या तसं होतं, मामा. एकही बाईट जात नाही."

"एमपीथ्रीच्या वेळीही तू असंच म्हणाला होतास."

बटण बंद केलं.

एक मात्र खरं, की वेव्ह ही फाईल स्वभावाने सरळ. काय ते पहिल्या ४४ बाईटांत सांगून टाकते आणि मग क्रमाने बोलत राहते, म्हणून हे जमलं. सगळ्या फाईली अशा नसतात. पीडीएफमध्ये कुठलं पान कुठे आहे याची यादी सगळ्यात शेवटी असते. झिपची अनुक्रमणिकाही शेवटी. मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओची बहुधा तीच गत, कारण चित्रीकरण संपल्याशिवाय किती झालं ते फोनलाच ठाऊक नसतं. एखादी मोठी पीडीएफ उघडताना पान बराच वेळ कोरं का राहतं, याचं एक कारण इथे आहे. आमच्या नात्यात एक आत्या अशीच आहे. दीड तास बोलल्यावर उठता उठता सांगते की, म्हणजे लग्न मोडलं. अशा फाईलींना आधी शेपूट मागवावी लागते, मग डोकं. तशी सोय आहे, पण ते दुखणं वेगळं.

चौथ्या रविवारी मी शेवटचं काम केलं. मामा ऐकतो त्याच्या फार पुढे फाईल उतरू नये, दिवसाचा डेटा उगाच जाऊ नये, म्हणून थोडा साठा झाला की 'रीड' म्हणायचं थांबवलं. आपण मागायचं थांबलो की ब्राउझर थोडं भरून घेतो आणि मग तोही सर्व्हरला थांब म्हणतो. याला बॅकप्रेशर म्हणतात. मामाला समजावताना मला आजोबांचाच आधार मिळाला, कारण कॅसेटवरचं आख्यान सुदाम्याचं आहे. कृष्ण पोह्यांची एक मूठ खातो, पुढच्या मुठीला रुक्मिणी हात धरते. मामा म्हणाला, "हे समजलं."

आता रोज संध्याकाळी दिवेलागणीला मामा खांबाशी खुर्ची टाकून पान उघडतो. हिरवी नक्षी डावीकडून उमटत जाते. पेटीचा सूर, नमन, आजोबांचं खाकरणं, पाण्याची दरी, पहिला डोंगर. तो डोंगर आला की मामा मामीला हाक मारतो आणि त्या हशात कोणकोण आहे ते दोघं ओळखतात. आजीचं हसू त्यांना सापडलंय म्हणे. मला ते ऐकू येत नाही. मग मामी म्हणते पानं घेतली आहेत, मामा उठतो, आणि दोन पावलांवर रेंज जाते.

सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्येक वेळी किती बाईट गेले ते लिहिलं जातं. गेल्या आठ महिन्यांत मामाच्या नावावर २३० नोंदी आहेत. त्यात ३१,७५,२०,०४४ हा आकडा अजून एकदाही पडलेला नाही.